लेफ्लोर काउंटी : अन्नसुलभता आणि सत्ता

पौष्टिक व परवडणारे अन्न जवळपास मिळत नाही, अशा प्रदेशास 'अन्न-वाळवंट' म्हणतात. अशी टंचाई केवळ अंतरामुळे निर्माण होत नाही, हे अमेरिकेतील मिसिसिपी राज्याच्या लेफ्लोर या ग्रामीण काउंटीच्या इतिहासावरून स्पष्ट होते. कापूस पिकविणाऱ्या या सुपीक प्रदेशातील कृष्णवर्णीय शेतमजूर हिवाळ्यात काम नसताना संघीय शासनाच्या मोफत शिध्यावर अवलंबून असत. मतदार नोंदणीची चळवळ सुरू होताच १९६२ मध्ये काउंटी प्रशासनाने हे वाटप थांबविले. सुमारे २२ हजार लोक शिध्यास मुकले. चळवळीने बाहेरून अन्न आणले. नोंदणीसाठी येणाऱ्यांची संख्या उलट वाढली. संघीय शासनाच्या दबावामुळे १९६३ मध्ये वाटप पुन्हा सुरू झाले. अन्न उपलब्ध होते. त्यावरील हक्क मात्र नव्हता. म्हणूनच अन्नसुलभतेच्या अभ्यासात दुकानांच्या अंतराबरोबर निर्णयाधिकार कोणाकडे आहे, हेही तपासणे आवश्यक ठरते.