रजईखालचे हसू कुणावर?

इस्मत चुगताईंची ‘लिहाफ’ ही उर्दू कथा १९४२ मध्ये लाहोरच्या ‘अदब-ए-लतीफ’ मासिकात छापून आली. लिहाफ म्हणजे रजई. आमच्या धामणगाव बढ्यात ही कथा न वाचताच ‘गलिच्छ’ म्हणणारे मला अनेक भेटले. दोन बायकांच्या संबंधांची चेष्टा, एवढीच तिची ओळख. मला वाटते, चेष्टा आहे, पण तिचा रोख भलतीकडेच आहे.

बायकांच्या तोंडची भाषा वापरून हसवणे उर्दूला नवे नव्हते. अठराव्या शतकाच्या अखेरीस सआदत यार खान रंगीन आणि इन्शा यांनी रेख्ती लिहिली. बायकांच्या आपसातल्या प्रेमासाठी त्यात ‘दुगाना’, ‘जनाखी’ असे शब्द आहेत. म्हणजे हे सारे पश्चिमेकडून आले, असे म्हणता येत नाही. पण लिहिणारे पुरुष, ऐकणारेही बहुतेक पुरुषच. जनानखान्याची भाषा मैफिलीत करमणुकीला आणली गेली.

इस्मतआपांनी तीच बेगमाती जबान घेतली आणि हसू उलटे फिरवले. कथेतले नवाब हाजी, परहेजगार. त्यांच्याकडे कधी नाचणारी बाई दिसली नाही, म्हणून त्यांची वाहवा. घरात मात्र गोऱ्या, नाजूक कमरेच्या तरुण विद्यार्थ्यांचा राबता. लग्न करून आणलेली बेगम जान सामानासारखी एका कोपऱ्यात पडलेली. तिला जगवते ती रब्बो ही मोलकरीण. हे सारे सांगते एक लहान मुलगी, तिला भिंतीवर रजईची हत्तीसारखी सावली दिसते. बेगम त्या मुलीशी वागते तेही निर्मळ नाही, आणि लेखिका ते झाकत नाही. पण उपहासाचा खरा मार खातात ते नवाबसाहेब आणि त्यांची अब्रू.

१९४४ च्या डिसेंबरात मुंबईत त्यांच्या हाती अश्लीलतेचे समन्स पडले. खटला लाहोरला. मंटोंवरही ‘बू’ कथेसाठी तसाच खटला होता. साक्षीदारांना ‘लिहाफ’मध्ये एकही अश्लील शब्द दाखवता आला नाही आणि लेखिका सुटल्या.

लंडनमध्ये १९२८ साली याच्या उलट घडले होते. रॅडक्लिफ हॉल यांची ‘द वेल ऑफ लोनलीनेस’ ही गंभीर, कळवळ्याची कादंबरी न्यायालयाने नष्ट करायला लावली. त्याच वर्षी कॉम्प्टन मॅकेन्झी यांनी अशाच बायकांची थट्टा करणारी ‘एक्स्ट्रॉऑर्डिनरी विमेन’ लिहिली, तिच्यावर खटला झाला नाही. बायकांवर हसलेले चालते. घराण्यावर हसले की समन्स निघते.

मराठीत तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ १९८१ मध्ये रंगभूमीवर आले. त्यात हसणे जवळपास नाहीच. मित्राला शेवटी मरावे लागते.

बेगम जानचे काय झाले? ज्या बाईवरून ती रचली, ती अनेक वर्षांनी एका मेजवानीत भेटल्याचे इस्मतआपांनी आत्मचरित्रात लिहिले आहे. नवाबापासून तलाक घेऊन तिने दुसरे लग्न केले होते, तिला मुलगा झाला होता, आणि ती लेखिकेवर खूश होती. जिच्यावरून रचलेल्या कथेवर खटला उभा केला, तिची तक्रार नव्हतीच.