दाइनिची की देउस?

जेझुइट धर्मप्रसारक फ्रान्सिस झेवियर १५ ऑगस्ट १५४९ रोजी जपानात कागोशिमाला उतरला तेव्हा त्याची सारी भिस्त आंजिरोवर होती. मलाक्कात भेटलेल्या या जपानी माणसाने १५४८ मध्ये गोव्यात बाप्तिस्मा घेतला होता. ख्रिस्ती देवासाठी या मंडळींनी आधी जपानी शब्द उचलला, 'दाइनिची'. हा शिंगोन पंथाचा महावैरोचन बुद्ध, म्हणजे मुळात आपल्याकडूनच गेलेला.

पुढची कथा रंगतदार आहे. यामागुचीचे शिंगोन भिक्षू आधी खूश झाले. पण झेवियरने त्रैक्याविषयी विचारताच ते गोंधळले. तेव्हा त्याने सोबती फर्नांदेसला रस्त्यावर पाठवून 'दाइनिचीला भजू नका' असे पुकारायला लावले. मात्र ही कथा येते जेझुइट लुईस फ्रोइशच्या इतिहासात, तीसेक वर्षांनंतर. झेवियरच्या स्वतःच्या पत्रांत या चुकीचा कबुलीजबाब नाही. ही पत्रे युरोपात हातोहात फिरत, त्यामुळे मौनाचे मला फारसे नवल वाटत नाही.

त्याच्या २९ जानेवारी १५५२ च्या कोचीनहून लिहिलेल्या पत्रात मात्र एक तक्रार आहे: भिक्षू 'देउस' या देवासाठीच्या लॅटिन शब्दाचे 'दाइउसो' करतात, म्हणजे 'महाथाप'. ही कोटी दाइनिचीवर होऊच शकत नाही. तेव्हा झेवियर जपान सोडण्यापूर्वीच लॅटिन शब्द लोकांच्या कानी पडला होता, एवढे तरी पक्के. फ्रोइशच्या कथेला मिळणारा हा आडून का होईना, समकालीन दुजोरा.

पुढे १५५५ मध्ये जपानातल्या हिरादोहून जेझुइट बाल्ताझार गागोने कळवले की घात करणारे असे पन्नासेक शब्द आहेत. क्रुसासाठी 'जुमोंजी' म्हणावे, तर ऐकणाऱ्याला दहाचा आकडाच दिसतो! उपाय एकच, परके शब्द जसेच्या तसे ठेवणे.

गोव्यात मात्र हा प्रश्न वेगळा सुटला. जेझुइट थॉमस स्टीफन्सने १६१६ च्या क्रिस्तपुराणात सरळ 'देव' लिहिले. 'स्पिरितू सांतू', म्हणजे पवित्र आत्मा, मात्र परकाच राहिला. 'देउस' आणि 'देव' एकाच धातूतले, हे नाते भाषाशास्त्राने मांडले ते पुष्कळ नंतर.

जपानात परका शब्द टिकला, विरोधकांच्या लेखणीतसुद्धा. एकेकाळी जेझुइट असलेल्या फाबियान फुकानने १६२० मध्ये ख्रिस्ती धर्माचे खंडन लिहिले. त्या ग्रंथाचे नाव 'हा दाइउसु', म्हणजे देउसखंडन.