आईचा अंगठा

माझ्या वडिलांचं दत्तकपत्र 1943 सालचं आहे. स्टँपच्या कागदावर, मोडीत लिहिलेलं, एकूण सव्वीस ओळी. देणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव, मुलाचं वय चार वर्षं, पाच पंचांच्या सह्या आणि निशाण्या. मग जमिनीची चतुःसीमा: पूर्वेस ओढा, पश्चिमेस गाडीवाट, दक्षिणेस भावकीतल्या एकाची तंबाखूची पट्टी, उत्तरेस मठाची जमीन. बांधावरच्या दोन बाभळींचाही उल्लेख आहे. ज्या बाईने माझ्या वडिलांना जन्म दिला, तिचा मात्र नाही.

ती आमच्यापासून दोन घरं सोडून राहायची. दत्तक भावकीतच दिलेलं, त्यामुळे ज्या दिवशी वडील मांडीवर बसले त्या दिवसापासून ती त्यांची ‘थोरली काकू’ झाली. वडिलांनी तिला जन्मभर काकूच म्हटलं. आम्ही पोरं शाळेतून येताना ती जोत्यावर बसलेली असायची. वखारीत तंबाखूच्या कामाला जाऊन आलेली, लुगड्याला तो उग्र वास. एकच विचारायची, “तुझा बा जेवला का रं?” मी ‘हो’ म्हटलं की उठून आत जायची. मला ती खरी कोण लागते हे कळलं तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो आणि ती गेलेली होती.

पुढे मी वकील झालो. चिकोडी आणि निपाणीच्या दिवाणी कोर्टांत चाळीस वर्षं काढली. माझ्या कामाचा मोठा भाग दत्तकाच्या भांडणांचा. त्यामुळे आमच्या भागाचा इतिहास मी दत्तकाच्या वाटेनेच वाचत गेलो, आणि त्या वाटेवर आमचा बेळगाव जिल्हा पावलोपावली भेटतो.

1824 च्या सप्टेंबरात कित्तूरचा देसाई शिवलिंगरुद्र सर्जा वारला. त्याने मरण्याआधी शिवलिंगप्पाला दत्तक घेतलं होतं, असं कित्तूरकरांचं म्हणणं. धारवाडचा कलेक्टर थॅकरे याने ते मानलं नाही आणि खजिन्यावर पहारे बसवले. सावत्र मुलाच्या त्या दत्तकासाठी राणी चन्नम्मा उभी राहिली. 23 ऑक्टोबरला थॅकरे मारला गेला, डिसेंबरात किल्ला पडला आणि 1829 मध्ये राणी बैलहोंगलच्या कैदेत वारली. निपाणीत 1839 साली सिद्धोजीराव निंबाळकर औरस वारस न ठेवता गेले आणि कंपनीने जहागीर खालसा केली. नरगुंदच्या बाबासाहेब भाव्यांना दत्तकाची परवानगी नाकारली गेली. 1858 मध्ये त्यांनी बंड केलं आणि 12 जूनला बेळगावात त्यांना फाशी दिलं. डलहौसीचं नाव आपण झाशी-साताऱ्याशी जोडतो, पण आमच्याकडे दत्तक नाकारण्याचं हे दुखणं तो येण्याच्या चोवीस वर्षं आधी सुरू झालं होतं. सत्तावनचा वणवा विझल्यावर सरकारला शहाणपण आलं आणि 1862 मध्ये कॅनिंगने संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या.

पुढचं दत्तक आमच्या शेजारचं. निपाणीहून कोल्हापूरकडे निघालं की वेदगंगा लागते, मग दूधगंगा, आणि पलीकडे कागल. तिथल्या घाटग्यांचा यशवंतराव 17 मार्च 1884 रोजी कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेला आणि शाहू महाराज झाला. त्याची जन्मदाती आई राधाबाई त्याआधीच वारली होती. मुलगा दहा वर्षांचाही नव्हता.

चन्नम्मा राणीपुढे मी आजही हात जोडतो. पण वकील म्हणून ही प्रकरणं वाचताना एक गोष्ट मनाला लागते. प्रत्येक वेळी प्रश्न गादीचा, वतनाचा, पिंडाचा. मूल ज्या कुशीतून उचललं, त्या कुशीबद्दल कुणाला काही विचारायचं नसतं. शिवलिंगप्पाच्या बापाचं नाव आणि गाव इतिहासाने जपलं, मास्तमर्डीचा बाळप्पगौडा. आईचं नाव शाळेत मला कुणी सांगितलं नाही.

कायदाही तसाच होता. मुंबई इलाख्यात नीलकंठ भट्टांच्या ‘व्यवहारमयूखा’ला मान, त्यामुळे आमच्याकडच्या विधवेला नवऱ्याच्या परवानगीशिवाय दत्तक घेता यायचं. बंगालमधल्या विधवेला ती मुभा नव्हती. भीमाबाई विरुद्ध गुरुनाथगौडा या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने आमच्याकडच्या विधवेचा हा हक्क आणखी पक्का केला: एकत्र कुटुंबातल्या विधवेलाही भाऊबंदांची संमती लागत नाही. म्हणजे घेणाऱ्या आईच्या हातात आमच्या इलाख्याने मोठं बळ दिलं होतं. देणाऱ्या आईला मात्र नवरा हयात असेल तर कुणी विचारायचीही गरज नव्हती. बापाने एकट्याने मूल उचलून दुसऱ्याच्या मांडीवर ठेवलं तरी दत्तक कायदेशीर. देण्याचा अधिकार तिला मिळायचा तो बहुधा विधवा झाल्यावरच. आणि दत्तक घ्यायचा तो मुलगाच. शास्त्रात मुलीला जागा नव्हती.

1 नोव्हेंबर 1956 रोजी आमचा जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. ती तारीख इथल्या मराठी माणसाला पाठ आहे. तो दिवस आम्ही काळा दिवस म्हणून पाळतो. त्यानंतर पन्नास दिवसांनी, 21 डिसेंबरला, हिंदू दत्तक आणि निर्वाह कायदा अमलात आला. ही दुसरी तारीख कुणी पाळत नाही. पण त्या दिवशी कलम 9 मध्ये लिहिलं गेलं की बापाला आईच्या संमतीशिवाय मूल देता येणार नाही. मुलगी दत्तक घेता येऊ लागली. मूल देण्याघेण्यासाठी पैसा घेणं किंवा देणं गुन्हा ठरलं. 2010 च्या दुरुस्तीने तर मूल देण्याचा अधिकार आई आणि बाप दोघांना सारखा केला. एका वर्षात आमचं राज्य बदललं आणि आईचा अंगठा कागदावर आला. कागदांची भाषा पुढे कन्नड झाली, तरी त्या अंगठ्याची खूण तीच राहिली.

आज भावकीतली दत्तकं याच कायद्याने होतात. अनाथ आणि सोडलेल्या मुलांचा मार्ग वेगळा, बाल न्याय कायद्याचा. तिथे मूल सोपवणाऱ्या आईला फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. मूल अठरा वर्षांचं झालं की आपलं मूळ शोधण्यासाठी स्वतः अर्ज करू शकतं; मात्र जन्मदात्यांच्या मर्जीविरुद्ध त्यांचं नाव सांगितलं जात नाही. दोन्ही बाजूंच्या जखमा ओळखून केलेला हा नियम मला योग्य वाटतो. पण भावकीतल्या दत्तकात हे दोन महिने नाहीत. सकाळी कागद लिहिला, दुपारी नोंदणी, संध्याकाळी साखर वाटली. आणि एकदा झालेलं दत्तक रद्द करता येत नाही.

म्हणून मी एक रीत ठेवली. दत्तकपत्राचा मसुदा झाला की सगळ्या मंडळींना बाहेर बसवायचं आणि मुलाच्या आईला एकटीला तो वाचून दाखवायचा. मग एक रात्र जाऊ द्यायची. एकदा एक बाई दुसऱ्या दिवशी सकाळी नऊलाच दारात आली, पोर कडेवर घेऊन. “वकीलसाहेब, न्हाई जमायचं,” एवढंच म्हणाली. तिच्या सासरची माणसं माझ्याशी वर्षभर बोलली नाहीत. तो मसुदा मी तिच्यासमोर फाडला, त्याचा मला आजही आनंद आहे.

दुसरी एक बाई सगळं ऐकून म्हणाली, “ह्या कागदानं मी त्याची कोण लागते?”

मी कलम 12 सांगितलं. दत्तकाच्या तारखेपासून जन्मघराचे सगळे संबंध तुटतात. नात्याचा फक्त एक धागा कायदा तोडत नाही: ज्या नात्यात आधी लग्न होऊ शकत नव्हतं, त्यात दत्तकानंतरही होत नाही. तेवढ्यापुरतं रक्त कायद्याच्या लक्षात राहतं. तिने विचारलं, “बस, एवढंच?” मी म्हटलं, “एवढंच.” ती बराच वेळ पायाच्या अंगठ्याने फरशी खरडत राहिली. मग तिने शाई लावून घेतली.

त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक दत्तकपत्रात मी एक ओळ वाढवली. जन्मदात्या आईचं पूर्ण नाव, तिच्या बापाचं नाव, तिचं माहेरचं गाव. चतुःसीमेच्या आधी. कायद्याला ती ओळ लागत नाही. पण पन्नास वर्षांनी एखादा माणूस ट्रंक उघडून तो कागद हातात घेईल, आणि त्या जोत्यावर बसून ‘बा जेवला का’ विचारणारी बाई कोण होती, हे त्याला त्या कागदातच वाचता येईल.