थायलंड सीमेवरील करेन निर्वासित : अन्नसाहाय्य आणि कामाचा हक्क

सन १९८४ मध्ये तत्कालीन ब्रह्मदेशातील लष्करी कारवायांमुळे सुमारे १०,००० करेन निर्वासित थायलंडच्या ताक प्रांतात आले. पुढे सीमेवर नऊ छावण्या स्थिरावल्या; शासनदप्तरी मात्र त्या 'तात्पुरते निवारे'च राहिल्या. बाहेर काम करण्यास कायद्याने मनाई असल्याने शिधा व औषधोपचार देणग्यांवर विसंबले. २०२५ मध्ये अमेरिकी निधी आटला आणि ३१ जुलैनंतर बहुसंख्य कुटुंबांचे अन्नसाहाय्य थांबले. ऑगस्टमध्ये थाई मंत्रिमंडळाने निर्वासितांना कामाची परवानगी दिली. सीमासंघर्षामुळे कंबोडियन मजूर परतले होते, हेही त्यामागील एक कारण होय. हा निर्णय दोन-तीन दशके आधी झाला असता, तर परकीय निधीवरील अवलंबित्व इतके वाढले नसते. वृद्ध व रुग्णांच्या शिध्याचा प्रश्न मात्र या परवानगीने सुटत नाही.