सरकारी पैसा, कंपनीचा कारभार: धाराशिवच्या रुग्णांनी काय माहीत ठेवावे?

१०८ ची गाडी, जनआरोग्य योजनेतील शस्त्रक्रिया, सरकारी दवाखान्यातील रक्ततपासणी. या सेवांचा खर्च शासन करते, पण प्रत्यक्ष काम अनेकदा दुसरीच संस्था करते. त्यामुळे अडचण आली की 'हे आमच्याकडे नाही' असे उत्तर मिळते आणि नातेवाईक एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर फिरत राहतात. धाराशिव जिल्ह्यात कोणती सेवा कोण चालवते, तुमचे हक्क काय आहेत आणि तक्रार कुठे करायची, याची माहिती या लेखात घेऊ.

थोडक्यात
- सेवा कोणीही चालवली तरी तिची जबाबदारी शासनाचीच राहते.
- जी सेवा शासनाने मोफत ठरवली आहे, तिच्यासाठी कंपनी किंवा रुग्णालय पैसे मागू शकत नाही.
- तक्रार करताना तारीख, वेळ आणि कागदपत्रे हाताशी ठेवा.

धाराशिवमध्ये हा विषय महत्त्वाचा का?

२०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ५७ हजार आहे आणि तालुके आठ आहेत. नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांमध्ये महाराष्ट्रातील चार जिल्हे आहेत: धाराशिव, नंदुरबार, गडचिरोली आणि वाशिम. गंभीर रुग्णाला अजूनही अनेकदा सोलापूर किंवा लातूरला हलवावे लागते. धाराशिव ते सोलापूर हे अंतर सुमारे ७० किलोमीटर आहे. परंडा, भूम किंवा उमरग्याच्या खेड्यातील रुग्णाला गाडी वेळेवर मिळते की नाही आणि पुढच्या रुग्णालयात योजना लागू होते की नाही, यावर बरेच काही अवलंबून असते.

कोणती सेवा कोण चालवते?

*१०८ रुग्णवाहिका.* महाराष्ट्र आपत्कालीन वैद्यकीय सेवा जानेवारी २०१४ मध्ये सुरू झाली. शासनाने ती चालवण्याचे कंत्राट पुण्याच्या भारत विकास ग्रुप, म्हणजेच बीव्हीजी या खासगी कंपनीला दिले. राज्यभरात ९३७ गाड्या होत्या. त्यांपैकी २३३ गाड्यांमध्ये व्हेंटिलेटरसारखी प्रगत साधने होती आणि ७०४ गाड्या प्राथमिक जीवरक्षक होत्या. गाडीत डॉक्टर असणे हे या सेवेचे वैशिष्ट्य आहे. शहरात २० आणि ग्रामीण भागात ३० मिनिटांत पोहोचणे हे उद्दिष्ट ठेवले होते. २०२४ मध्ये पुढचे कंत्राट सुमित फॅसिलिटीज, स्पेनची एसएसजी आणि बीव्हीजी यांच्या समूहाला मिळाले. त्या निविदेवर बरीच टीकाही झाली. रुग्णासाठी मात्र नियम तोच आहे: १०८ ची सेवा मोफत आहे.

*महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना.* ही योजना २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली. २१ नोव्हेंबर २०१३ पासून ती धाराशिवसह राज्यभर लागू झाली आणि २०१७ मध्ये तिचे नाव बदलले. योजनेत उपचारांचा खर्च शासन करते. प्रत्येक प्रकरण तपासून मंजुरी दिली जाते आणि उपचार सरकारी किंवा खासगी अंगीकृत रुग्णालयात होतात. देखरेख राज्य आरोग्य हमी सोसायटी करते. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ही योजना सर्व कुटुंबांसाठी खुली करण्यात आली आणि संरक्षण कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपये झाले.

*महालॅब तपासण्या.* प्राथमिक आरोग्य केंद्रात घेतलेला रक्ताचा नमुना २०१७ पासून 'महालॅब'कडे जातो. हे काम एचएलएल लाइफकेअर करते. ही कंपनी असली तरी ती केंद्र सरकारच्या मालकीची आहे. म्हणजे बाहेरून काम करणारी प्रत्येक कंपनी खासगीच असते असे नाही.

*सास्तूरचे स्पर्श ग्रामीण रुग्णालय.* १९९३ च्या भूकंपात लोहारा आणि उमरगा भागाची मोठी हानी झाली. त्यानंतर या भागात आलेल्या 'द प्राइड इंडिया' या संस्थेने शासनाच्या भागीदारीत हे रुग्णालय चालवले. येथे भागीदार कंपनी नसून स्वयंसेवी संस्था आहे.

यात फायदा काय, धोका काय?

फायदा वेगाचा आहे. शेकडो गाड्या, चालक आणि डॉक्टर एकाच वेळी उभे करणे सरकारी भरतीच्या पद्धतीने कठीण गेले असते. जनआरोग्य योजनेमुळे हृदयाची किंवा कर्करोगाची शस्त्रक्रिया खासगी रुग्णालयात मोफत होऊ शकते.

धोका कंत्राटातील अटींमध्ये असतो. गाड्यांच्या संख्येवर पैसे मिळत असतील, तर नादुरुस्त गाडीही कागदावर चालू दिसू शकते. फेऱ्यांवर मिळत असतील, तर साध्या रुग्णांच्या फेऱ्या वाढू शकतात. उपचारांचे ठरावीक दर परवडत नाहीत असे वाटले की काही रुग्णालये 'बेड नाही' म्हणतात किंवा वरचे पैसे मागतात. आयुष्मान भारत योजनेच्या तपासणीत कॅगला २०२३ मध्ये एकाच मोबाइल क्रमांकावर सुमारे साडेसात लाख लाभार्थी नोंदलेले आढळले. देखरेख ढिली पडली की काय होते, ते यातून दिसते.

इंग्लंडचा अनुभवही पाहण्यासारखा आहे. तेथील हिंचिंगब्रुक हे सरकारी रुग्णालय २०१२ मध्ये सर्कल या खासगी कंपनीकडे चालवायला दिले होते. जानेवारी २०१५ मध्ये कंपनीने माघार जाहीर केली आणि रुग्णालय पुन्हा सरकारी यंत्रणेकडे आले. कंपनी कंत्राट सोडू शकते, शासनाला रुग्णाची जबाबदारी सोडता येत नाही. आपल्याकडेही सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये पश्चिम बंग खेत मजदूर समिती प्रकरणात हेच सांगितले: तातडीचे उपचार वेळेवर न देणे हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे.

रुग्णाने काय करावे?

*१०८ ला कधी फोन करावा?*
- छातीत दुखणे, घाम, दम लागणे
- तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे
- सर्पदंश, विषबाधा, अपघात, भाजणे
- गरोदरपणात रक्तस्राव किंवा झटके

फोनवर गाव, तालुका, जवळची ओळखीची खूण आणि रुग्णाची स्थिती सांगा. फोन केल्याची वेळ लिहून ठेवा. गाडीला जास्त वेळ लागेल असे कळले, तर वाट पाहत बसू नका. मिळेल त्या वाहनाने जवळच्या सरकारी रुग्णालयात जा. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते. सर्पदंशात मांत्रिकाकडे गेलेला वेळ जिवावर बेतू शकतो.

गरोदर माता आणि एक वर्षापर्यंतच्या बाळासाठी १०२ क्रमांकाची गाडी मोफत आहे.

*जनआरोग्य योजनेतून उपचार घेताना*
- रेशन कार्ड, आधार कार्ड किंवा आयुष्मान कार्ड सोबत ठेवा.
- दाखल होतानाच 'आरोग्यमित्रा'ला भेटा. तो प्रत्येक अंगीकृत रुग्णालयात असतो.
- तुमचा आजार योजनेच्या यादीत आहे का, ते विचारा. काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव असतात.
- तातडीच्या वेळी फोनवर नोंद करून उपचार सुरू करता येतात, कागदपत्रे मागाहून देता येतात.
- मंजूर उपचारात तपासण्या, औषधे, जेवण, एक वेळचे परतीचे भाडे आणि घरी सोडल्यानंतर १० दिवसांपर्यंतची सेवा येते. यासाठी पैसे मागितल्यास पावती मागा.

तक्रार कुठे करावी?
- जनआरोग्य योजना: १५५३८८ किंवा १८०० २३३ २२००
- १०८ सेवा, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालये: जिल्हा शल्यचिकित्सक
- प्राथमिक आरोग्य केंद्रे: जिल्हा परिषदेतील जिल्हा आरोग्य अधिकारी
- कंत्राटातील अटी, दंड आणि कामगिरीच्या नोंदी: माहिती अधिकारात अर्ज

तक्रार लेखी द्या आणि पोहोच घ्या. 'गाडी उशिरा आली' एवढेच न लिहिता 'रात्री १०.१० ला फोन केला, ११.२५ ला गाडी आली' असे लिहा. कंत्राटात वेळेची अट असेल, तर अशी नोंदच कामी येते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*सरकारी रुग्णालयात केसपेपरचे पैसे द्यावे लागतात का?*
१५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत नोंदणी, तपासण्या आणि उपचार मोफत आहेत. वैद्यकीय शिक्षण विभागाच्या रुग्णालयांना हा निर्णय लागू नव्हता. धाराशिव शहरात आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्यामुळे तुम्ही गेलेले रुग्णालय कोणत्या विभागाकडे आहे, ते खिडकीवर विचारून घ्या.

*कंपनीच्या डॉक्टरकडून चूक झाली तर जबाबदार कोण?*
डॉक्टर आणि कंपनी तर जबाबदार असतातच. सेवा शासनाच्या नावाने दिली जाते, म्हणून शासनाकडेही दाद मागता येते.

*तक्रार केल्यास उपचार थांबवतील का?*
तक्रारीमुळे उपचार नाकारता येत नाहीत. तसे घडल्यास रुग्ण दाखल असतानाच वरील क्रमांकावर किंवा जिल्हा शल्यचिकित्सकांना कळवा. त्या वेळी झालेली चौकशी घरी गेल्यानंतरच्या चौकशीपेक्षा जास्त उपयोगी पडते.