मद्यप्याच्या घरातील मूल

डब्लिनचा कामगार मॅट टॅलबट (१८५६–१९२५) आपल्या वाचकांना अपरिचित नसावा. बाराव्या वर्षी तो मद्याच्या व्यापाऱ्याकडे नोकरीस लागला आणि तेथेच त्याला चटक लागली. १८८४ साली त्याने दारू सोडली, ती कायमची. १९७५ मध्ये पवित्र सभेने त्याला ‘आदरणीय’ घोषित केले. दारू सोडणारा म्हणून आपण त्याचे स्मरण करतो. पण त्याचे वडीलही मद्यपी होते आणि त्याचे बहुतेक भाऊही त्याच वाटेने गेले, ही हकिकत सहसा ओझरतीच सांगितली जाते. दारूच्या इतिहासात मद्यप्याच्या मुलाला एवढीच जागा मिळाली आहे.

मुंबई प्रांताने १९४९ मध्ये दारूबंदीचा कायदा केला. तुळजापूर तालुक्यातील अणदूर तेव्हा हैदराबाद राज्यात होते. निजामाच्या काळापासून आबकारी हे तेथील महसुलाचे मोठे साधन. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि पुढे तो कायदा इकडेही लागू झाला. कायद्याने भट्टी पाहिली, परवाना पाहिला. घरातल्या मुलाकडे पाहण्याचे त्याला कारणच नव्हते.

१९३५ मध्ये अमेरिकेत अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची सुरुवात झाली, तीही पिणाऱ्यांसाठी. १९५१ मध्ये त्यांच्या पत्नींच्या पुढाकाराने आप्तांसाठी अल-अ‍ॅनॉन निघाले. मुलांच्या अ‍ॅलटीनला १९५७ साल उजाडावे लागले, आणि त्याचा आरंभ कोणा वडीलधाऱ्याने नव्हे, कॅलिफोर्नियातील १७ वर्षांच्या एका मुलाने केला! आपल्याकडे फादर ज्यो परेरा यांनी १९८१ मध्ये वांद्र्याला कृपा फाउंडेशन सुरू केले. १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण उभारले. तेथे रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ आणि मुलांसाठी ‘अंकुर’ हे उपक्रम चालू झाले.

अशा घरातले मूल बापाच्या पावलांच्या आवाजावरून संध्याकाळ कशी जाणार हे ओळखते. थोरली मुलगी दहाव्या वर्षी धाकट्यांची आई होते आणि आपण तिच्या शहाणपणाचे कौतुक करतो. एखादा मुलगा कोपऱ्यात गप्प बसतो. कोणाला त्रास देत नाही, म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाही. दुसरा सतत विनोद करतो. मित्राला घरी आणायचे नाही आणि घरातले बाहेर बोलायचे नाही, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. मोठेपणीही इतरांवर विश्वास टाकणे त्यांपैकी अनेकांना जड जाते.

‘बाप तसा बेटा’ हे मात्र अर्धसत्य आहे. १९७३ मध्ये डेन्मार्कमधील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मद्यप्यांचे जे मुलगे लहानपणीच दत्तक जाऊन इतरत्र वाढले, त्यांच्यात मद्यासक्तीचे प्रमाण इतर दत्तक मुलांच्या जवळजवळ चौपट आढळले. तरीही त्यांतील बहुसंख्य मद्यपी झाले नाहीत. रक्ताचा वाटा आहे. पण निकाल आधीच लागलेला नसतो.

अणदूरला डॉ. शशिकांत आणि डॉ. शुभांगी अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने खेड्यातल्याच स्त्रियांना प्राथमिक उपचार शिकवून ‘भारतवैद्य’ म्हणून उभे केले. बाटली शोधायला येणारा शिपाई दारातून परत जातो; शेजारची बाई चुलीपर्यंत पोहोचते. कोपऱ्यातले गप्प मूल प्रथम दिसायचे तर तिलाच दिसेल, आणि ते बोलले तर कदाचित तिच्याशीच बोलेल.