दप्तराबाहेरचे पाणी

रायपूरच्या सदर बाजारात आजही सराफांच्या पेढ्यांची रांग आहे. ‘सदर’ हा शब्द मराठी कानाला चांगला ओळखीचा. वाड्यात जेथे धनी बसे, दप्तर उघडले जाई आणि जमाखर्च ऐकला जाई, ती सदर. बाजाराच्या नावात त्याचा अर्थ ‘मुख्य’ एवढाच असला, तरी रायपूरला दोन्ही अर्थ शोभतात. कारण गेली दोनशे वर्षे छत्तीसगडचा हिशेब या नगरातच होत आला आहे. या बाजारापासून सुमारे ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटरांवर, गरियाबंद जिल्ह्यातील डोंगराळ जंगलात, जतमई नावाचा एक लहानसा धबधबा आहे, आणि त्याच टापूत घटारानी नावाचा दुसरा. गिरसप्पा किंवा बस्तरातील चित्रकूट यांच्या पंक्तीला बसण्याची या दोघांची योग्यता नाही. पावसाळ्यात खडकावरून फेसाळत उतरावे आणि वैशाखात क्षीण व्हावे, असे हे पावसाच्या पाण्यावर जगणारे ओढे होत. परंतु राज्यकर्त्यांनी कशाची नोंद ठेवावी आणि कशाची ठेवू नये, याचा इतिहास सांगण्यास या ओढ्यांइतके चांगले साक्षीदार थोडेच मिळतील.

जतमईकडे जाणारा प्रवासी अभनपूरवरून प्रथम राजिमला पोचतो. महानदी, पैरी आणि सोंढूर यांचा येथे संगम आहे आणि त्याच्या काठी राजीवलोचनाचे प्राचीन देवालय. त्या देवालयात जगपाल नावाच्या सामंताचा कलचुरी संवत् ८९६चा, म्हणजे इ. स. ११४५चा शिलालेख आहे. नागपूरचे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या कलचुरी लेखांच्या आपल्या बृहद्ग्रंथात तो संपादून दिला. रतनपूरच्या राजांसाठी या कुळाने जिंकलेले प्रदेश, रामाचे बांधलेले मंदिर आणि देवाच्या नैवेद्यासाठी दिलेले गाव, असा त्या लेखाचा विषय आहे. जिंकले ते आणि दिले ते लिहावे, ही त्या काळची रीत होती. डोंगरातून उतरणारा ओढा कोणी जिंकलेला नव्हता आणि कोणी दानही दिलेला नव्हता.

मराठे या प्रदेशात आले ते इ. स. १७४१ मध्ये. बंगालच्या स्वारीस निघालेल्या भास्कररामपंतांनी वाटेत रतनपूर घेतले. पुढे रघूजी भोसल्यांचे पुत्र बिंबाजी १७५८ पासून १७८७ पर्यंत रतनपुरास राहून कारभार पाहत होते. त्यांच्यानंतर सुभेदारांचा अंमल सुरू झाला. सुभेदार विठ्ठल दिनकर यांनी १७९० च्या सुमारास जुन्या गढांची व्यवस्था मोडून परगणे पाडले आणि त्यांवर कमाविसदार नेमले. मैदानातील भातशेतीचा मुलूख खालसा, आणि सभोवतीच्या डोंगरांतील मुलूख जमीनदारांचा, अशी ही वाटणी होती. राजिमच्या पुढे बिंद्रानवागढ, फिंगेश्वर यांसारख्या जमीनदाऱ्या लागत. त्यांच्याकडून ‘टाकोळी’ नावाची ठरीव खंडणी घ्यावी आणि आत काय आहे त्याची फारशी पृच्छा करू नये, हेच धोरण होते. मराठ्यांचे दप्तर बारकाईसाठी प्रसिद्ध आहे. एकेका रुपयाचा वसूल त्यात सापडतो. पण ज्यातून वसूल निघत नाही त्या पाण्यासाठी त्यात रकाना नव्हता. या दुर्लक्षाने जंगलातील माणसांचे काही कल्याण केले असे म्हणवत नाही. परंतु त्यांचा ओढा त्यांच्याकडे राहिला, हे मात्र खरे.

१८१८ साली कर्नल अ‍ॅग्न्यू यांनी मुख्य ठाणे रतनपूरहून रायपुरास हलविले. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि दप्तराची नजर पालटली. १८६५ आणि १८७८ च्या कायद्यांनी जंगल ही सरकारी मिळकत ठरली. विसाव्या शतकाच्या आरंभी रायपूरहून धमतरीकडे अरुंद रुळांची आगगाडी धावू लागली आणि अभनपुराहून तिचा एक फाटा राजिमला गेला. ज्या जंगलाकडे पूर्वी दप्तर पाहत नव्हते, तेथील लाकडाची आता घनफुटांत मोजदाद होऊ लागली.

पाठोपाठ पाणीही मोजले गेले. महानदीला रुद्री येथे बंधारा घालून कालवे काढण्यात आले. १९२० साली धमतरीजवळच्या कंडेल गावावर कालव्याचे पाणी चोरल्याचा आरोप ठेवून सुमारे चार हजार रुपयांचा दंड बसविण्यात आला. गावाने तो भरण्यास नकार दिला. राजिमजवळच्या चमसूरचे पं. सुंदरलाल शर्मा, धमतरीचे छोटेलाल श्रीवास्तव आणि नारायणराव मेघावाले यांनी त्या सत्याग्रहाचे नेतृत्व केले. वसुलीसाठी जप्त केलेली गुरे लिलावास काढली, तर बोली बोलायला माणूस पुढे येईना. अखेर सरकारला माघार घ्यावी लागली. पाणी चोरता येते, ही कल्पनाच त्या खेड्यांना नवी होती. पाठोपाठ जानेवारी १९२२ मध्ये नगरी-सिहावा भागातील आदिवासींनी वेठबिगारीविरुद्ध आणि सरपणाच्या हक्कासाठी जंगल सत्याग्रह केला. महानदीचा उगम याच सिहावाच्या डोंगरात आहे.

या सर्व घडामोडींत जतमईसारख्या ओढ्यांची आठवण कोणी ठेवली? ती ठेवली देवीने. प्रपाताजवळ जतमई मातेचे स्थान आहे. घटारानीलाही देवीच आहे. पावसाळ्यात ओढ्याचे पाणी जतमईच्या पायांना स्पर्श करून जाते, असे लोक भक्तीने सांगतात. चैत्र आणि आश्विन या दोन्ही नवरात्रांत येथे यात्रा भरते आणि छत्तीसगडच्या प्रथेप्रमाणे मनोकामनेच्या ज्योती लावल्या जातात. ज्या ठिकाणी देवता वसते तेथे कुऱ्हाड जपून चालवावी, हा संकेत महाराष्ट्रातील देवरायांनाही ठाऊक आहे. असे संकेत कोठेही लिहिलेले नसतात. माणसे ते पाळत राहतात तोवरच ते टिकतात.

आता जतमईला पक्की सडक गेली आहे. मोठे देवालय उभे राहिले आहे आणि पावसाळ्यातील सुट्ट्यांच्या दिवशी रायपूरची माणसे तेथे लोटतात. यात खेद करण्याजोगे काही नाही. तेंदूपाने, मोह, लाख आणि हिरडा जंगलातून बाजारात येत राहिले, आणि त्यांच्या पैशातून खेड्यांतील स्त्रियांच्या पायांत सराफाकडची चांदीची पैरी आली. त्या बाजाराने शतकानुशतके जंगलाचा माल घेतला. आज तेथील माणूस जंगल पाहायला जातो आणि वाटेवरच्या खेड्यांना त्यातून चार पैसे मिळतात, ही उलटी वाहतूक स्वागतार्हच होय.

चिंता आहे ती वेगळी. धबधबा पाहणाऱ्याची दृष्टी जेथे पाणी पडते तेथे खिळते. परंतु त्याचे आयुष्य ठरते ते वरच्या पठारावर. ऐन, धावडा, मोह, तेंदू यांच्या मुळांखालची माती आषाढ-श्रावणाचा पाऊस धरून ठेवते आणि कार्तिकापर्यंत हळूहळू सोडते. ही झाडी विरळ झाली, तर खालची पायरी कितीही सुबक बांधली तरी पावसाबरोबर एक लोंढा येईल आणि पाठोपाठ कोरडा खडक उरेल. १९५१ मध्ये जमीनदाऱ्या गेल्या, २००० साली छत्तीसगड राज्य झाले आणि २०१२ मध्ये गरियाबंद हा स्वतंत्र जिल्हा झाला. सदर जवळ आली आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने आपले परंपरागत जंगल राखण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. इतकी शतके दप्तराबाहेर राहिलेले हे पाणी आता दप्तरात येणारच. ते वाहनतळाच्या पावत्यांपुरते यावे, की वरच्या झाडीसह आणि तिची राखण करणाऱ्या खेड्यांसह यावे, एवढाच निर्णय उरला आहे. आणि तो घेण्यास फार पावसाळे हाती आहेत असे नाही.